बल्लारशाहचा शब्द

मामा,

विहारात तुमच्या स्मरणार्थ होणाऱ्या पुण्यानुमोदनाला वाटायचं पत्रक मी लिहावं, असं मामीनं ठरवलं. "तुलेच येते ते," ती म्हणाली. "चांगलं चांगलं लिही."

पत्रकात चांगलं चांगलं लिहायची मला सवय नाही. बाबांनी आयुष्यभर बीरगांवच्या कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं काढली, आणि मी शाळेत जायच्या आधीपासून त्यांच्या घड्या घातल्या. घड्या घालता घालताच वाचायला शिकले. आमच्या घरी दोन नियम होते. पत्रकात खोटं छापायचं नाही, आणि ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याचा उल्लेख टाळायचा नाही. म्हणून हे तुमच्याविरुद्ध आहे आणि तुम्हालाच लिहिलेलं आहे. तुम्ही गेलात, पण माझा राग गेलेला नाही. तो घरी ठेवून मी हात जोडायला येऊ शकत नाही.

तुमचा जन्म, नोकरी, निवृत्ती हे सगळं लोकांना ठाऊक आहे. मी फक्त बोर्डाबद्दल लिहिणार आहे.

विहाराच्या व्हरांड्यात तो काळा बोर्ड होता. एरवी त्यावर कार्यक्रमांच्या तारखा असायच्या. रविवारी वंदना झाली की तुम्ही त्या पुसून टाकायचे आणि मधोमध मोठ्या अक्षरांत एखाद्या स्टेशनाचा कोड लिहायचे. तुम्ही रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. डब्यांवर खडूनं कोड लिहून लिहून तुमचा हात तसाच वळला होता, प्रत्येक अक्षर वेगळं आणि लांबून दिसेल असं. नियम सगळ्यांना पाठ होते. कोडातली सगळी अक्षरं ज्यात येतात असा इंग्रजी शब्द शोधायचा. क्रम कसाही चालेल, मधे दुसरी कितीही अक्षरं चालतील. पुढच्या रविवारी ज्याचा शब्द सगळ्यांत लांब, त्याचा शब्द बोर्डावर आणि शब्दाखाली त्याचं नाव. अर्थ सांगता आला पाहिजे. आणि शब्द तुमच्या डिक्शनरीत सापडला पाहिजे.

माझा पहिला रविवार नागपूरचा होता. एन, जी, पी. मी आठ वर्षांची होते आणि बाबांना सगळे ज्या शब्दानं हिणवायचे तो मला येत होता. मी उठून म्हटलं, "प्रोपगंडा." तुम्ही बोटांवर मोजलं, दहा अक्षरं. मग इतकं हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. "बापानं पोट्टीले काय शिकवलं पाह्य!" त्या दिवसापासून तुम्ही मला प्रोपगंडाच म्हणत आलात. शाळेतल्या नावानं तुम्ही मला कधी हाक मारल्याचं आठवत नाही.

हे कबूल करते आणि मग पुढे जाते : तुम्ही आम्हाला घाबरवणं बंद केलं. इंग्रजी आमच्यासाठी ऑफिसातल्या बंद दारासारखी होती. तुम्ही ती आमच्या स्टेशनांत भरली. दुर्गच्या कोडात कोणीतरी अंडरग्रॅज्युएट शोधला, तेव्हा तुम्ही तो तेरा अक्षरांचा शब्द बोर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिला आणि म्हणालात, "पाहा बे पोट्टेहो, हा दुर्गच्या पोटात आहे. अन् दुर्ग इथून पाऊण तासावर." आम्ही हसलो. पण घरी जाताना माझ्या डोक्यात तेच होतं, पाऊण तासावर. बिलासपूरमधून रिस्पॉन्सिबिलिटी निघाला. राजनांदगावमधून ज्युरिसप्रुडन्स काढला तो मी, आणि त्याचा अर्थ कायद्याचं शास्त्र असा सांगताना माझी मान इतकी ताठ झाली होती की मामी म्हणाली, "वकीलबाई, उतरा खाली."

अजूनही सिग्नलला गाडी थांबली की मी पुढच्या गाडीच्या नंबरातली अक्षरं घेऊन शब्द शोधते. परवा शास्त्री चौकात एक चांगला लांब सापडला. तुम्हाला फोन करायला हात खिशात गेला. मागचे हॉर्न वाजवत राहिले. मला तेव्हाही तुमचा राग आला.

आता बल्लारशाह.

बी, पी, क्यू. तुमचं जन्मगाव. दर उन्हाळ्यात, सुट्टीच्या पहिल्या रविवारी, तुम्ही तोच कोड लिहायचे, आणि त्याला शब्द सापडायचा नाही. क्यूशी बी आणि पी बसतच नव्हते. तुम्हाला त्यात विचित्र आनंद होता. "माझं गाव इंग्रजीत मावत नाही," तुम्ही म्हणायचे. मग डिक्शनरी डोक्यावर धरायचे. निळ्या कापडात बांधलेली, कडा काळ्या पडलेली. "याचा शब्द जो आणंल, त्याले ही देऊन टाकीन. सगळ्यांसमोर सांगून राहिलो."

ती तुमच्यासाठी काय होती ते मला माहीत आहे. खात्याच्या परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात तुम्ही तीनदा नापास झाले, तेव्हा मालधक्क्यावरच्या टेबलाखाली ती उघडी ठेवून पानं पाठ केली होती. चौथ्यांदा पास झालात. हे तुम्ही आम्हाला पन्नास वेळा सांगितलं. म्हणजे द्यायला तुमच्याकडे याहून मोठं काही नव्हतं, आणि आम्ही ते समजून होतो.

रेखा बीरगांवहून सायकलनं यायची. तिचे वडील उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये होते, बाबांच्या पत्रकांचे वाचक. ती अकरावीत, माझ्याहून एका वर्षानं मोठी, हिंदी माध्यमात. आमच्या सगळ्यांच्या घरी कसली ना कसली डिक्शनरी होती. तिच्या घरी नव्हती. म्हणून तिचं नाव बोर्डावर कधी आलं नव्हतं. ती मागे चपलांजवळ बसायची आणि दुसऱ्यांचे शब्द वहीत उतरवून न्यायची.

त्या वर्षी बल्लारशाहच्या कोडाच्या पुढच्या रविवारी तुम्ही नेहमीसारखं विचारलं, "आहे कोणी?" आणि चपलांजवळून आवाज आला, "हव सर, आहे."

इक्विप्रोबेबल. बारा अक्षरं. तिला तो गणिताच्या गाइडमध्ये सापडला होता, समप्रायिक या हिंदी शब्दापुढे कंसात छापलेला. गाइड ती सोबत घेऊन आली होती.

"अर्थ?" तुम्ही विचारलं.

"सगळ्यांले बराबर चान्स, सर. फासा फेकला तर एक यायचा जितका चान्स, तितकाच सहा यायचा."

मग पोरं एकदम ओरडायला लागली, डिक्शनरी, डिक्शनरी! तुम्ही हात वर केला. आणि डिक्शनरी तिला नाही, मला दिली. "प्रोपगंडा, पाह्य."

मी पाहिलं. माझ्या बोटाखाली तो शब्द जिथे असायला हवा होता ती जागा आली आणि गेली. मी पुन्हा पाहिलं. मग म्हटलं, "नाही." मोठ्यानं म्हटलं, मामा, मागे ऐकू जाईल इतकं. त्या आधी सलग पाच आठवडे बोर्डावर माझंच नाव होतं आणि सहाव्या आठवड्यात तिथे दुसऱ्या कोणाचं यायला मला नको होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्यांविरुद्धच्या पत्रकात स्वतःला वगळायचं नसतं, म्हणून छापते आहे.

"गाइडवाले काही बी छापतात," तुम्ही म्हणालात. "हिंदी मीडियमच्या कंसातून इंग्रजी शिकाल का तुम्ही?"

पोरं हसली. आधी डिक्शनरी मागणारी तीच पोरं. रेखा म्हणाली, "सर, पुढचं पान पाहा ना, उदाहरण पण दिलं आहे." तिला वाटलं, उदाहरण वाचलं की तुम्हाला पटेल. तुम्ही पान पाहिलं नाही. बोर्ड पुसला आणि पुढचा कोड लिहिला. तिनं गाइड ओढणीत गुंडाळलं, चपला शोधल्या आणि सायकल काढली. पुन्हा कधी आली नाही.

दोन दिवसांनी सार्वजनिक ग्रंथालयातल्या जाड डिक्शनरीत मला तो शब्द सापडला. तुमची लहान आवृत्ती होती, मामा. एवढंच. लहान पुस्तकात मोठ्या पुस्तकातले सगळे शब्द नसतात, हे पंचवीस वर्षं कागद हाताळलेल्या माणसाला मला सांगावं लागत होतं. मी त्या पानाची झेरॉक्स घेऊन तुमच्या घरी आले. तुम्ही ती वाचली, चार घड्या घातल्या, खिशात ठेवली. "बोर्डावरचा निर्णय बोर्डावर झाला," तुम्ही म्हणालात.

मग मी जे बोलले ते सगळ्या कॉलनीनं ऐकलं, तरी इथे पुन्हा लिहिते. मी म्हटलं, आपल्या माणसांनी ज्या पोथ्या नाकारल्या त्या काहून नाकारल्या? त्यांत आपण नव्हतो म्हणून. पोथीत नाही ते जगात नाही असं म्हणणाऱ्यांपुढे आपण उभे राहिलो. आणि तुम्ही विहाराच्या व्हरांड्यात बसून एक पुस्तक डोक्यावर धरता आणि बीरगांवच्या पोरीला सांगता, यात नाही, म्हणून तू आणलेलं खोटं! आणि पुस्तक कोणतं? जे तिनं जिंकलं होतं तेच. तिच्या हक्काच्या वस्तूला तुम्ही तिच्याविरुद्ध साक्षीला उभं केलं.

तुम्ही म्हणालात, "बापासारखी पत्रकं वाटत जा. भज्याखाली कामी येतात."

मामी मधे पडली. "चहा झाला," ती म्हणाली. आणि तुम्ही, जसं काही झालंच नाही, म्हणालात, "चहा घे."

तेव्हापासून बारा वर्षं आपलं भांडण एवढंच उरलं. मी दारातून आत येताना म्हणायची, "बीपीक्यू." तुम्ही म्हणायचे, "चहा घे." दिवाळीत, लग्नकार्यात, मला वर्तमानपत्रात नोकरी लागली त्या दिवशी. मामीला तो आपला रामराम वाटायला लागला होता. मला नाही. मी प्रत्येक वेळी खरंच विचारत होते, आणि तुम्ही प्रत्येक वेळी टाळत होता. चहा मात्र मी घेत होते. ते माझं चुकलं.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तुमच्या नाकाला नळी होती. मी पलंगाशी वाकले आणि हळूच म्हटलं, "बीपीक्यू." तुम्ही डोळे उघडले. त्या वॉर्डात पाण्याची बाटलीसुद्धा नर्सला विचारून आणावी लागायची. तरी तुम्ही म्हणालात, "चहा घे." मी बाहेर जिन्यात जाऊन रडले. दुःखानं की संतापानं ते तेव्हाही कळलं नाही. तुम्हाला अजून एक दिवस मिळाला असता तर तुम्ही काही वेगळं म्हणाला असता, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. तुम्हाला बारा वर्षं मिळाली होती.

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मामीनं कपाटातून निळं बोचकं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "प्रोपगंडाले द्या म्हणाले होते."

मामा, तुम्ही पुन्हा चुकीच्या माणसाला दिली.

घरी येऊन मी ती उघडली. बोट आपोआप त्या पानावर गेलं, त्या जागेवर. तिथे दोन छापील शब्दांच्या मधल्या फटीत पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरांत, तो शब्द लिहिलेला होता. इक्विप्रोबेबल. शेजारी तुमच्या हातचं एकच अक्षर, रेखातला र. पानात माझी झेरॉक्स, त्याच चार घड्यांची.

मामीला दाखवलं तर तिनं पदर डोळ्यांना लावला. "पाह्यलं? मनानं किती मोठा होता." रविवारी विहारातही सगळे हेच म्हणतील, म्हणून आधीच लिहून ठेवते : नव्हता. त्या बाबतीत नव्हता. तुम्हाला कळत नव्हतं असं इतकी वर्षं मी धरून चालले होते, आणि त्यावर माझा अर्धा राग शांत व्हायचा. आता तोही आधार तुम्ही काढून घेतला. तुम्हाला माहीत होतं. लिहिण्याइतकं माहीत होतं. मालगाडीच्या डब्यावर दोन रुळांपलीकडून वाचता येईल असं लिहिणारा माणूस हे एवढंसं, पेन्सिलीनं, कपाटात ठेवायच्या पुस्तकात लिहितो. आणि निरोप पोचवायचं काम भाचीवर टाकून जातो.

मी रेखाकडे गेले. तुमच्यासाठी नाही. त्या "नाही"साठी, जे मी मोठ्यानं म्हटलं होतं.

रेखा बीरगांवातच राहते, सासरी. उरल्याच्या एका पॅकिंग युनिटमध्ये काम करते. तिचं आयुष्य तुमच्या एका नकारामुळे असं झालं, असं मी लिहिणार नाही. पत्रकात खोटं छापायचं नाही. त्याची कारणं बरीच आहेत आणि त्यांवर बाबांनी बरीच पत्रकं काढली आहेत. ती ओट्यावर मटार सोलत होती. मला पाहून डोळे बारीक केले.

"अगं बाई, प्रोपगंडा! जाडी झाली तू."

"तू नाही झालीस."

"आम्हाले कोण होऊ देते." तिनं पाट सरकवला. "सर गेले ना? मले समजलं. मी आली नाई."

"बरोबरच केलंस."

"बरोबर-बिरोबर काही नाई, शिफ्ट होती."

मी बोचकं तिच्यापुढे ठेवलं. तिनं हात साडीला पुसले आणि कापड सोडलं. मी पान काढून दिलं. तिनं पुस्तक उजेडाकडे धरलं.

"हे त्याईनंच लिहिलं?"

"हो."

"किती बारीक लिहिलं बाप्पा." मग मान वर करून विचारलं, "बोर्डावर लिहिलं का?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"मंग?" ती म्हणाली. हातातली शेंग तिनं ताटात टाकली. "नाई म्हटलं ते सगळ्यांसमोर. पोट्टे हसले, तू बी होती तिथं. अन् हव म्हणाले कपाटात जाऊन? असं राहते का कुठं?"

बारा वर्षं मी तुमच्याशी पोथ्यांवरून भांडले, मामा, आणि तिला दोन वाक्यं पुरली.

ते "नाही" मी इतक्या मोठ्यानं का म्हटलं ते मी तिला सांगितलं, सहाव्या आठवड्याचं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "तू होयच तशी. पहिला नंबर पाहिजे म्हणजे पाहिजे." मग पुस्तक हातानं तोललं, आत गेली आणि ते टीव्हीच्या वर, भिंतीला टेकवून उभं ठेवलं. "हे राहू दे. माझंच आहे. पण हिसाब बोर्डावर होईन." आभार मानले नाहीत. का मानावेत?

काल मी हे सगळं मामीला वाचून दाखवलं. ती मधेच उठून गेली. परत आली. म्हणाली, "मेलेल्या माणसाची इज्जत काढून राहिली तू."

मी म्हटलं, "मामी, तुम्ही म्हणाल तर छापत नाही. पण मग मी काहीच छापणार नाही. त्यांच्याबद्दल दुसरं चांगलं चांगलं माझ्याकडे आहे, पण ते याच्याशिवाय खोटं ठरतं."

ती खिडकीशी जाऊन बसली. मग म्हणाली, "त्या पोट्टीचं नाव काय म्हणाली?"

"रेखा."

"मागं बसे तीच ना? चपला सरळ लावून ठेवे सगळ्यांच्या." मग तिनं कागद माझ्याकडे सरकवला. "बारीक अक्षरात छापू नको. मले दिसत नाही."

म्हणून हे मोठ्या अक्षरांत छापलं आहे. तात्यापाऱ्यातल्या त्याच छापखान्यात, जिथे बाबांची पत्रकं निघतात. बाबांनी प्रूफ तपासलं, एक स्वल्पविराम काढला, आणि एवढंच म्हणाले की तुझ्या मामानं तुला पहिल्याच रविवारी बरोबर ओळखलं होतं.

रविवारी तुमचा फोटो व्हरांड्यात असेल. फुलं असतील, मेणबत्त्या असतील, भन्तेजी येतील. फोटोच्या शेजारी बोर्ड असेल. मी तारखा पुसून मधोमध तीन अक्षरं लिहीन, तुम्ही लिहायचे तशी, वेगवेगळी, लांबून दिसतील अशी. बी, पी, क्यू. पुढचा शब्द मी लिहिणार नाही. तो माझा नाही आणि तुमचाही नाही. खडू बोर्डाखाली ठेवलेला असेल. रेखाची शिफ्ट दोनला सुटते. ती आली तर लिहील आणि खाली स्वतःचं नाव टाकेल. नाही आली तर तीन अक्षरं पुढच्या रविवारीही तशीच राहतील, त्याच्या पुढच्याही, आणि मी असेपर्यंत ती कोणी पुसणार नाही. कार्यक्रमांच्या तारखा विहारवाल्यांनी भिंतीवर लिहाव्यात.

मामीनं सगळ्यांसाठी चहा ठेवायला सांगितलं आहे. तुम्ही फोटोतून काय म्हणाल ते मला माहीत आहे.

आधी बोर्ड, मामा. चहा नंतर.